पाच पांडव आणि सहावे अप्पा

लातूर,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शिल्पाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको. घरात कोणी आजारी नाही. फोन केला की अप्पांचं नाव निघताच तुझं नेटवर्क जातं, आणि आईशी बोलावं तर अप्पा शेजारी बसून स्पीकर लावायला लावतात. म्हणून हे पोस्टाचं खूळ. आधी वहिनीला वाचू दे, म्हणजे तू फाडणार नाहीस. तुझं पोट अजून सुटतंच आहे असं ती म्हणत होती, संध्याकाळी दुकानातून घरी चालत जात जा.

आता बातमी. आपल्या तीर्थरूपांना सत्तर पूर्ण झाली आणि येत्या येळवशीला, म्हणजे ३० डिसेंबरला, आपल्याच शेतात त्यांचा जाहीर सत्कार आहे. लातूरचा एक चौक सोडला नाही बघ. जिथं जावं तिथं फ्लेक्स. 'सार्वजनिक येळवशीचे जनक, लातूरचे दानशूर कर्ण, संगमेश्वरअप्पा.' फोटोत अप्पा वाकून एका म्हातारीला आंबील वाढताहेत. तो तांब्या रिकामा होता, मी तिथंच होते. भरलेला हाताला जड लागतो म्हणाले.

वहिनी उमरीची, तिच्या माहेरी येळवस नसते, म्हणून तिच्यासाठी लिहिते. वहिनी, येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमचं अख्खं लातूर घरांना कुलपं लावून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, घरच्या बाईनं आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीचा घडा, डोक्यावर घेऊन यायचं. मग आरोळी देत कोपीला पाच फेरे घालायचे आणि भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, बाजरीचे उंडे, खीर पोट तट्ट होईपर्यंत खायची. वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून बसवायचं, हा त्या दिवसाचा कायदाच आहे. ज्यांना शेत नाही असे शहरातले हजारो लोक आमच्या शेतात येतात. ही प्रथा अप्पांनी सुरू केली असं सगळं शहर मानतं. शहराला काय, जो माईक धरतो तो मालक.

यंदा अप्पांना कडब्याची कोप नको झाली आहे. सिमेंटची कायमची कोप होणार, रस्त्यावर अप्पांच्या नावाची कमान होणार. आत संगमरवरी पांडव येणार, नाक-डोळे-मिशांसकट, आणि त्यांच्या शेजारी अप्पांचा अर्धपुतळा. पाच पांडव आणि सहावे अप्पा! मी विचारलं की कर्ण तर कौरवांच्या बाजूनं लढला होता ना, तर म्हणाले की शाळेत मास्तरीण झालीस म्हणून घरात शिकवू नको.

आई सगळं ऐकत भाजी निवडत होती. तिनं एकच विचारलं, की माझे दगड कुठं ठेवणार. अप्पा म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे काय असतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. दादा, तू ये. त्यांच्यासाठी नको, दगडांसाठी ये.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, थोडा अप्पांच्या वाट्याचाही मलाच द्यावा ही विनंती.

तुझी,
शिल्पा


नांदेड,
३० नोव्हेंबर २०२४

चि. शिल्पास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र ऋतुजानं मोठ्यानं वाचलं. रिकाम्या तांब्यावर ती इतकी हसली की शेजारच्या दुकानातले दस्तगीरभाई मोटारीचं वायंडिंग सोडून बघायला आले. मग तिनं विचारलं की दगडांचं काय प्रकरण आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तिला सांगितलंच नव्हतं. तुलाही अर्धंच माहीत आहे, तू तेव्हा आईच्या कडेवर होतीस.

मी तिसरीत होतो. भूकंपात किल्लारीच्या घराखाली आईचे आईबाप आणि धाकटा मामा गेले. अप्पा त्या वेळी नाकाला रुमाल लावून फाट्यापर्यंत गेले आणि वास सहन होईना म्हणून तिथूनच परत आले. आई एकटी पुढं गेली. येताना तिनं पडलेल्या भिंतीतले पाच दगड मदतवाल्यांच्या जीपमध्ये टाकून आणले. नारळाएवढे असतील. तिच्या बापानं ती भिंत स्वतः रचली होती. माहेर म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं.

त्यानंतरची पहिली येळवस आली. अप्पा म्हणाले की घरात दुखवटा आहे, यंदा शेतात जायचं नाही, आणि स्वतः एका पुढाऱ्याच्या शेतात जेवायला गेले. आईनं बिंदगं उचललं, तुला कडेवर घेतलं आणि मला पुढं घालून शेत गाठलं. जुने पांडव बांधावर ठेवून कोपीत तिनं ते पाच दगड मांडले, चुना लावला, आणि लई वेळ तिथंच बसून राहिली. मग रस्त्यानं काही माणसं जाताना दिसली. किल्लारीकडचीच होती, लातुरात नातलगांकडं येऊन राहिलेली. सणाच्या दिवशी कुणाच्या शेतात जावं ते कळेना म्हणून नुसती हिंडून राहिली होती. आईनं हाक मारली. एक आला, चार आले, मग थवा आला. भज्जी संपली तर तिनं आंबिलीत पाणी घातलं. माणसं जेवता जेवता रडत होती आणि आई वाढत होती.

संध्याकाळी अप्पा आले. हरभरा तुडवला गेला होता. सगळ्यांसमोर आईवर ओरडले की शेताची धर्मशाळा केलीस, उद्या यांना घरातही झोपवशील. हे आपले जनक! पुढच्या वर्षी तीच माणसं आणखी माणसं घेऊन आली. त्याच्या पुढच्या वर्षी एक वार्ताहर आला, आणि त्या दिवशी अप्पा फेटा बांधून कोपीच्या दारात उभे होते. तेव्हापासून उभेच आहेत.

या प्रथेच्या पंचविसाव्या वर्षी मी माईकवर एवढंच म्हणालो होतो की हे आईनं सुरू केलं. पुढचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही, माईक बंद पडला होता. तो कुणी बंद केला हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. मी काही सत्काराला येत नाही. कर्णाला हार घालायला शहर आहे की.

दगडांवर मात्र लक्ष ठेव. एकालाही धक्का लागला तर मला कळव.

तुझा,
दादा

ता. क. पोटाची चौकशी पत्रातून करू नये, पोस्टमन शिकलेला आहे.


'सार्वजनिक येळवस, लातूर'
जनक व संस्थापक : श्री. संगमेश्वरअप्पा
(कृपया पत्रव्यवहारात बिरुदाचा उल्लेख करावा)

५ डिसेंबर २०२४

चि. सुदर्शन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून बराच काळ खुशालीचे पत्र नाही. मोठ्या कार्यात गुंतलेल्या माणसाने अशा बाबी मनावर घ्यायच्या नसतात, म्हणून मी घेतल्या नाहीत. तू लहान आहेस. मी तुला क्षमा केलेली आहे, ती पोचल्याचे कळवावे.

येळवशीच्या सत्कारप्रसंगी ज्येष्ठ चिरंजीव या नात्याने तुझे मनोगत ठेवले आहे. तुला बोलण्याची सवय नाही व मागे एकदा तू बोललास तेव्हा घोटाळा झाला, म्हणून मनोगत मी स्वतःच लिहून सोबत पाठवीत आहे. जिथे 'माझे डोळे भरून येत आहेत' असे लिहिले आहे तिथे थोडे थांबावे. किल्लारीच्या ढिगाऱ्यावरून मी भूकंपग्रस्तांना माझ्या जीपमधून शेतात आणले हा भाग सावकाश वाचावा, पत्रकारांना लिहून घेता आले पाहिजे.

काम उत्तम चालू आहे. पुण्याच्या आर्किटेक्टने नकाशा काढला आहे. कोपीच्या पाठीला जोडूनच लांबलचक भिंत घेतली असून तिच्यावर माझे जीवनचरित्र चित्ररूपाने कोरले आहे. बांधापासून बांधापर्यंत भिंत गेली तरी दोन प्रसंग बाहेर राहिले. पुढच्या पिढ्यांना येळवस म्हणजे काय हे या भिंतीवरून कळेल.

तुझ्या आईची प्रकृती ठीक आहे. तिला या वयात एकेका वस्तूचा मोह सुटत नाही, बायकांचे तसेच असते. सूनबाईस आशीर्वाद. नांदेडहून तुझ्या व्यापारी मित्रांना आणलेस तर पहिल्या रांगेत बसवू, मात्र फेटे त्यांचे त्यांनी आणावेत.

तुझा प्रगतिचिंतक पिता,
संगमेश्वरअप्पा


लातूर,
१५ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

ज्याची भीती होती तेच झालं. दगड गेले.

काल आई मला घेऊन शेतात गेली. कोपीच्या जागी सिमेंटचा डबा उभा आहे, वर कडब्याच्या रंगाचा ऑइलपेंट. आत संगमरवरी भीम दात काढून बसलाय. आईच्या दगडांची जागा सपाट. बांधकामाच्या गुत्तेदाराला विचारलं तर म्हणाला की अप्पांनीच सांगितलं, फोटोत ओबडधोबड दिसतात, भरावात घाला. भरावात, दादा! आजोबांच्या भिंतीचे दगड यांनी भरावात घातले. मला इतका राग आला की तिथंच रडू फुटलं.

कामावर मल्लम्मा म्हणून एक बाई आहे, बिदरकडची. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते. ती आईला बाजूला घेऊन गेली. चुना लावलेला दगड घमेल्यात बघून तिचा हात धजला नाही, म्हणून चार दगड तिनं पालाखाली पोत्यात गुंडाळून ठेवले होते. पाचवा तिच्या लक्षात येण्याआधीच कमानीच्या डाव्या खांबाच्या पायात गेला होता आणि वर काँक्रीट पडलं होतं. मल्लम्मा आईचे पाय धरायला लागली, तर आईनंच तिला उठवून पोटाशी धरलं.

घरी येऊन आईनं चारी दगड न्हाणीत धुतले आणि पदरानं पुसून आपल्या उशाशी ठेवले. अप्पा म्हणाले की पाच-पाच संगमरवरी आणलेत, चार दगडांसाठी काय सुतकी चेहरा करून बसलीस. आई म्हणाली की यंदा बिंदगं मी उचलणार न्हाई. दादा, तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. अप्पा हसले. म्हणाले की बिंदगं काय, कुणीही बाई उचलेल, एका माजी नगराध्यक्षांच्या सौभाग्यवती केव्हापासून मागे लागल्या आहेत.

आईला आता या घरात पाणी गोड लागत नाही. ती काही मागणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून मी मागते. तिला घेऊन जा. येळवशीच्या दिवशी तिनं त्या भिंतीखाली बसून टाळ्या ऐकाव्यात हे मला बघवणार नाही.

पत्राला उत्तर लिहीत बसू नको, गाडी काढ. हाच लोभ समजावा.

तुझी,
शिल्पा


नांदेड,
१९ डिसेंबर २०२४

चि. शिल्पास,
आशीर्वाद.

रविवारी सकाळी येतो. दस्तगीरभाईंची जीप आहे आणि तेच चालवणार आहेत. मी चालवली तर रागात कमानीला धडकवीन असं त्यांचं म्हणणं आहे, आणि खोटं नाही. त्यांचं नायगावजवळ शेत आहे. आईची गोष्ट ऐकून त्यांची अम्मी, बेगमबी, म्हणाली की तुमच्या आईला यंदा आमच्या रानात सण करायला सांगा, हरभरा तुडवला तरी चालेल. परकी बाई एका दमात जे बोलून गेली ते आपल्या बापाच्या भिंतीवर कुठं कोरलेलं नाही.

आईचं सामान बांधून ठेव. दगड तिच्या मांडीवरच येतील. अप्पांना सांगायचं तर सांग, नाहीतर नको. त्यांना कळायला तिला बघावं लागेल, आणि ते आरशाशिवाय कुठं बघतात?

ते मनोगत ऋतुजानं भज्यांचं तेल टिपायला अंथरलं. त्या दिवशी भजी बरी झाली होती.

तुझा,
दादा


लातूर,
३१ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शिल्पाचा सा. न. वि. वि.

आईची तब्येत कशी आहे? तिला हे पत्र तूच वाचून दाखव, आणि मधेमधे हसू नको, तिला नीट ऐकू येऊ दे.

काल सत्कार झाला. म्हणजे सुरू झाला. गर्दी दरवर्षीसारखीच, लोक बायकापोरांसकट आले होते. अप्पा जरीचा फेटा बांधून स्टेजवर. किल्लारीची जीप, ढिगारा, अश्रू, सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि स्वतःच थांबून डोळे पुसले. मग माजी नगराध्यक्षांच्या सौभाग्यवती बिंदगं घेऊन निघाल्या. तेही रिकामं होतं. त्यांची मान दुखते म्हणे. खरी आंबील केटरिंगवाल्याच्या स्टीलच्या टाकीत होती.

त्या कोपीशी पोचल्या, आरोळी उठली आणि बायका फेरे घालायला निघाल्या. निघाल्या आणि थांबल्या. पुढं भिंत! दादा, कोपीची पाठ त्या चरित्राच्या भिंतीला चिकटलेली, आणि भिंत या बांधापासून त्या बांधापर्यंत. फिरायला वाटच नाही! पहिल्या बायका थांबल्या, मागच्या त्यांच्यावर आदळल्या, मधे बिचाऱ्या सौभाग्यवती बिंदग्यासकट चेपल्या. अप्पा माईकवरून ओरडून राहिले की पुढं चला, पुढं चला. एका म्हातारीनं खालूनच विचारलं की अप्पा, पुढं कुठून जावं, तुमच्या लग्नाच्या चित्रातून का?

मग कळलं सगळ्यांना. ज्यानं येळवस सुरू केली त्याला कोपीला फेरे घालतात हेच ठाऊक नाही. कसं असणार? इतकी वर्षं फेऱ्यांच्या वेळी साहेब स्टेजवर फोटो काढून घेत होते. कोपीभोवती एकदा तरी फिरले असते तर पुण्याच्या त्या पोराला नकाशातच अडवलं असतं. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग हशा पसरत गेला. बापाला हसू नये म्हणतात. मी हसले, पोट धरून हसले.

हसणं ओसरल्यावर बायका विचारायला लागल्या की साखराबाई कुठं हायत, त्या असत्या तर असं झालं नसतं. अप्पा म्हणाले की त्यांची प्रकृती बरी नाही. मी तिथंच उभी होते. मी मोठ्यानं सांगितलं की आई ठणठणीत आहे, तिचे पांडव घेऊन नांदेडला गेली आहे. माईक नव्हता, पण या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. हळूहळू माणसं उठली आणि बांध ओलांडून शेजारच्या बजरंगकाकांच्या शेतात गेली. तिथं कडब्याची साधी कोप होती. काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही. फेरे तिथं झाले, जेवणंही तिथंच. आपल्या शेतात मांडव, टाकी आणि सहावे अप्पा उरले.

आज ते खोलीबाहेर आलेले नाहीत. मधेच हाक मारून विचारतात की आईचा फोन आला का. मला दया यायला हवी होती. अजून आलेली नाही, आली तर कळवीन.

आईला म्हणावं, लोभ तुझाच, इथं दुसरा कोणाचा नकोच.

तुझी,
शिल्पा


नांदेड,
ता. ३ जानेवारी २०२५

ती. स्व. स्वारीच्या सेवेशी,
साखराबाईचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. शिल्पाचं पत्र सुदर्शननं वाचून दाखवलं. तुम्ही जेवत न्हाईत असं कळलं. फडताळात शेंगाची चटणी आहे, भाकरी शेजारची अंजू देईल, तिला सांगून आले आहे. जेवा.

माझी येळवस चांगली झाली. दस्तगीरच्या रानात कडब्याची लहानशी कोप केली. ऋतुजानं भज्जी केली, मीठ जास्त झालं, पण पोरगी पहिल्यांदाच करत होती. बेगमबीनं विचारलं की चारच दगड कामून. मी तिला सगळं सांगितलं. इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. तिनं विहिरीजवळचा एक दगड आणून मांडला, म्हणाली चौघं भाऊ बरे दिसत न्हाईत. मग वाटेनं जाणाऱ्या चारदोन माणसांना हाका मारल्या. ती जेवून गेली. मला लई बरं वाटलं.

तुम्ही प्रथा सुरू केली म्हणता, म्हणा. मी कधी अडवलं न्हाई. माणसं जेवत होती, नाव कुणाचं का होईना, असं मी धरून चालले. तुम्ही मला रांगेत मागं बसवलं तेही चाललं. पण त्या पाच दगडांत तुमचं काय अडलं होतं? माझ्या बापाचं घर पडलं तेव्हा तुम्ही फाट्यावरून माघारी फिरलात. ते मी तेव्हाच ओळखून होते. बोलले न्हाई, कारण बोलून माणूस मोठा होत न्हाई. तुम्ही बोलून बोलून किती झालात ते परवा दिसलं.

आता कामाचं. कोपीमागची भिंत पाडा की ठेवा, तुमची मर्जी. गुत्तेदार कमानही पाडून देतो म्हणत होता असं शिल्पानं फोनवर सांगितलं, लोक हसतात म्हणून तुम्हालाही ती नकोशी झाली म्हणे. कमान मात्र पाडायची न्हाई. डाव्या खांबाच्या पायात माझ्या बापाच्या घराचा दगड आहे. तुमचं नाव त्याच्यावर उभं आहे, तसंच राहू द्या.

पुढच्या येळवशीला मी येणार आहे. बिंदगं माझ्या डोक्यावर असेल आणि भरलेलं असेल. कोपीत मी जाणार न्हाई. त्या खांबाच्या पायाला चुना लावीन, हळदकुंकू वाहीन, बाकीचे चार त्याच्याजवळ मांडीन आणि खांबालाच पाच फेरे घालीन. तिथं फिरायला जागा आहे, मी बघून ठेवली आहे. सगळं लातूर विचारेल की साखराबाई, खांबाची पूजा कामून.

मग मी सांगीन.

आपली,
साखराबाई